गाडीतली शिट्टी कुठून येते: सुधीरला पत्र

प्रतापनगर, नागपूर
१४ मे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐकलं. गाडी उभी, गाणं थांबवलेलं, तरी स्पीकरमधून बारीक ‘कूंऽऽ’ चालू. रेस केली की चढते, सोडली की उतरते. वर दुकानदाराचं म्हणणं, “भाऊ, या मॉडेलमध्ये एवढं येतेच.” त्याने नॉइज फिल्टर बसवला, फरक शून्य, आणि आता तो अॅम्प (डिक्कीतला अॅम्प्लिफायर) बदला म्हणून राहिला.

अॅम्प बदलू नको. वर्ध्याहून पुन्हा नागपूरची चक्करही नको. एक सकाळ, एक मल्टीमीटर आणि दोन-चार वायरी एवढ्यावर दोष कुठे आहे ते घरीच सापडतं. तो सापडेपर्यंत चाचणीचे सुटे जॅक सोडले तर एक रुपयाचीही वस्तू घ्यायची नाही, एवढं मात्र पाळ. फोनवर सांगितलं असतं, पण सीटखाली डोकं घातल्यावर त्यातलं काही आठवणार नाही. हे मांडीवर ठेवून एकेक करत जा.

आधी हा आवाज कशाचा ते. पट्टी इंजिनच्या वेगाबरोबर चढते म्हणजे तो अल्टरनेटरचा. म्हणून अल्टरनेटर बिघडला असं मात्र नाही. अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज बनवतो, आतले सहा डायोड तिची डीसी करतात, आणि त्या डीसीवर बारीक लहरी उरतात. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर पुलीमुळे अल्टरनेटर साधारण अडीच पट, म्हणजे २,००० ने फिरतो. बारा पोलचा, म्हणजे बारा चुंबकी टोकांचा रोटर धर: एका फेऱ्यात सहा चक्रं, दर चक्राला सहा लहरी. सेकंदाला झाल्या १,२००. म्हणजे १,२०० हर्ट्झची शिट्टी, नेमकी कानाला झोंबणारी. ३,००० आरपीएमवर तीच ४,५०० हर्ट्झला पोचते. या लहरी धडधाकट गाडीतही असतात. आपल्याला शोधायचंय ते हे, की त्या गाण्याच्या वाटेत शिरल्या कुठून.

बहुतेक वेळा त्या अर्थच्या, म्हणजे करंट ज्या जोडातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो त्याच्या वाटेने शिरतात. तुझ्या हेडयुनिटचा (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमचा) अर्थ डॅशबोर्डमागे, अॅम्पचा डिक्कीत. मधे गाडीचा पत्रा, त्याचे जोड, आणि त्याच पत्र्यातून लाइट, ब्लोअर, पंप, सगळ्यांचा करंट बॅटरीकडे परतत असतो. त्यामुळे या दोन टोकांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. हेडयुनिटपासून अॅम्पपर्यंत गाणं नेणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी दोन्ही टोकांना जोडलेली, म्हणून तो फरक जाळीतून वाहतो आणि अॅम्प त्याला गाणंच समजतो. १० मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण हेडयुनिट पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देत असेल तर हळू आवाजात गाणं स्वतःच ३०-४० मिलिव्होल्टवर आलेलं असतं. त्यात १० ची शिट्टी लपणार कशी? म्हणूनच तुला ती हळू गाण्यात आणि दोन गाण्यांच्या मधे जास्त जाणवते.

सकाळी सहा-साडेसहाला कर. या दिवसांत दहानंतर बंद गाडीत हात घालवत नाही, आणि तापलेला अॅम्प स्वतःच प्रोटेक्शनला जाऊन, म्हणजे बंद पडून, भलतीच दिशाभूल करतो. गाडी मोकळ्यावर लाव, शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नको. न्यूट्रल, हँडब्रेक.

पहिलं काम मीटरशिवायचं. इंजिन चालू, गाणं पॉज, आणि व्हॉल्यूम शून्यापासून वर ने. शिट्टी व्हॉल्यूमबरोबर वाढली तर ती व्हॉल्यूमच्या आधीच, म्हणजे ऑक्स (मोबाइल वायरीने जोडायचं इनपुट), रेडिओ किंवा यूएसबीमधून आत आली. शून्यावरही तेवढीच राहिली तर व्हॉल्यूमच्या पुढे: हेडयुनिटचं आउटपुट, आरसीए केबल, अॅम्प किंवा स्पीकरच्या वायरी. रेकॉर्डिंगवरून तुझी दुसरी वाटते, पण खात्री करून घे. मोबाइल चार्जरला लावून तोच ऑक्सने जोडला असेल तर आधी चार्जर उपट. तेवढ्याने गप्प झाली तर दोष तिथेच: चार्जरचा अर्थ आणि ऑक्सचा अर्थ मिळून चक्र पूर्ण होतं. ब्लूटूथने गाणी लाव, प्रश्न मिटला.

आता वाट अर्ध्यात तोडायची. सिस्टिम बंद कर, अॅम्पच्या इनपुटमधले आरसीए काढ आणि तिथे शॉर्टिंग प्लग लाव. म्हणजे काय, तर साधे आरसीए मेल जॅक, ज्यांची मधली पिन आणि बाहेरचं कडं आतून वायरने जोडलेलं. वर्ध्यातल्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सुटे जॅक आणून दोन डाग दिले की झाले. हे फक्त अॅम्पच्या इनपुटमध्ये. हेडयुनिटच्या आउटपुटला लावलेस तर आउटपुट जायचं. इंजिन चालू कर आणि ऐक.

अॅम्प गप्प झाला तर अॅम्प, त्याची पॉवर आणि स्पीकरच्या वायरी निर्दोष. ही एक चाचणी दुकानदाराने केली असती तर अॅम्प बदलायची भाषाच निघाली नसती. उलट शॉर्टिंग प्लग लावूनही शिट्टी आली तर दोष अॅम्पच्या बाजूला: त्याचा अर्थ, किंवा स्पीकरची एखादी वायर बॉडीला घासते आहे. स्पीकरच्या दोन्ही वायरी अॅम्पमधून सोडवून प्रत्येकीची बॉडीशी कंटिन्युटी (जोड आहे की नाही ते, मीटरच्या बीपवर) तपास, बीप यायला नको. दाराच्या रबरी नळीत आणि स्पीकरच्या स्क्रूपाशी वायर सोललेली सापडते.

प्लगने गप्प झाला असं धरून पुढे जाऊ. प्लग काढ, मोबाइल ऑक्स-ते-आरसीए केबलने थेट अॅम्पला जोड. मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर, चार्जरला नाही. अॅम्पवरचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) आधी खाली, नाहीतर दचकशील. शिट्टी नाही? मग हेडयुनिट किंवा तिथून येणारी केबल. दुसरी आरसीए केबल मागून आण आणि कुठेही न लपवता सरळ सीटवरून हेडयुनिटपासून अॅम्पपर्यंत टाक. आवाज गेला तर जुनी केबल खराब किंवा तिची वाट वाईट. राहिला तर हेडयुनिटच्या अर्थचं काहीतरी आहे.

वाटेबद्दल एक सांगतो. पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूने गेले म्हणून शिट्टी येते, हे ज्याच्या-त्याच्या तोंडी असतं. दोन्ही वेगळ्या बाजूंनी न्यावेत, फूटभर अंतर असावं, ओलांडायचं तर काटकोनात, हे बरोबरच. पण नुसत्या त्या कारणाने एवढी मोठी शिट्टी क्वचित येते. खरी अडचण गाडीच्या मूळ वायरिंगच्या जुडग्याला बांधलेल्या आरसीएची. चाबी ‘ऑन’ केल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, गाडीतला पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद चालतो. तेवढाच वेळ घरघर येऊन थांबली तर केबल मागच्या सीटखालच्या पंपाच्या वायरीला चिकटून गेली आहे. ब्लोअरच्या वेगाबरोबर बदलणारी घरघर ब्लोअरची. इंडिकेटरबरोबर टिकटिक आली तर पुन्हा अर्थ.

तुझ्याकडे अँड्रॉइड हेडयुनिट आणि रिव्हर्स कॅमेरा, दोन्ही आहेत. इथे माझा सगळ्यात जास्त संशय आहे. कॅमेऱ्याला वीज मिळते मागच्या रिव्हर्स लाइटमधून, त्याचा अर्थही तिथलाच, आणि पिवळी व्हिडिओ केबल येऊन लागते हेडयुनिटला. म्हणजे आरसीएसारखंच दुसरं चक्र तयार, आणि ऑडिओवाल्याचं तिकडे लक्षच नसतं. हेडयुनिटच्या मागची पिवळी आरसीए काढ आणि ऐक. तसाच अँटेनाचा जॅक काढून पाहा. छतावरच्या अँटेनाची जाळीही बॉडीला जोडलेली असते. यातलं एक काढल्याबरोबर शिट्टी उतरली तर चोर सापडला. कॅमेऱ्याचा इलाज सोपा: त्याचा अर्थ रिव्हर्स लाइटवरून सोडवून, वेगळी वायर ओढून हेडयुनिटच्या अर्थला आणून जोडायचा. मात्र कॅमेऱ्याचं शरीर धातूचं असेल तर ते पत्र्यापासून रबरी वॉशरने अलग करावं लागतं, नाहीतर चक्र तसंच राहतं.

हेडयुनिट बाहेर काढलंच आहे तर आणखी एक. सगळे आरसीए काढून मीटर कंटिन्युटीवर ठेव, एक टोक हेडयुनिटच्या आरसीएच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं त्याच्या धातूच्या बॉडीला. जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आरसीएचा आतला अर्थ जळला. काही हेडयुनिटांमध्ये तिथे सर्किटवर तांदळाएवढा फ्यूज असतो. अॅम्पचा अर्थ ढिला असताना अॅम्पचा करंट आरसीएच्या जाळीतून परतायला लागतो आणि तो फ्यूज उडतो. चालू सिस्टिमवर आरसीए काढ-घाल केली तरी उडतो. एका आरसीएच्या कड्याला तार गुंडाळून हेडयुनिटच्या बॉडीच्या स्क्रूला कसली आणि शिट्टी गेली, की निदान पक्कं. ही तार चाचणीपुरती. पुढे आतला फ्यूज दुरुस्त करून घे. आणि ज्या अर्थमुळे तो उडाला तो आधी सुधार, नाहीतर नवा पण उडेल. अॅम्पच्या इनपुटवर हीच चाचणी करून घाबरू नको, तिथे काही शेकडो ओहम बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेले असतात.

आता अर्थ. अर्थ चांगला की वाईट हे ओहमवर मोजता येत नाही. मीटरच्या वायरींचाच अवरोध अर्ध्या ओहमपर्यंत असतो, आणि आपल्याला शोधायचाय शंभरावा भाग. ०.०१ ओहममधून ३० अँपिअर गेले तरी ०.३ व्होल्ट पडतात. म्हणून चालू लोडवर व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी २,००० मिलिव्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, नुसत्या क्लॅम्पला नाही. त्याला लांब वायर जोडून डिक्कीपर्यंत आण. दुसरं टोक अॅम्पच्या अर्थ टर्मिनलला. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर चालू, आणि बेस असलेलं गाणं जोरात. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. २००-३०० दाखवत असेल किंवा बेसबरोबर आकडा नाचत असेल तर अर्थ कच्चा आहे. मग टोक अॅम्पवरून काढून अर्थच्या बोल्टला लाव, नंतर बोल्टशेजारच्या खरवडलेल्या पत्र्याला. आकडा जिथे एकदम घसरतो, तो जोड खराब.

तुझ्या फोटोत अॅम्पचा अर्थ सीट बेल्टच्या बोल्टला दिसतोय. तो आजच काढ. एक तर तो जीव वाचवणारा बोल्ट, त्याच्याखाली लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) सारून त्याची पकड बदलायची नसते. दुसरं, त्याच्या आट्यांवर लॉकिंगचा लेप आणि भोवती रंग असतो, वीज जाणार कुठून? नवी जागा अॅम्पपासून दीड फुटाच्या आत शोध. चपटी, जाड पत्र्याची, मुख्य बॉडीची. वेगळा बोल्टने लावलेला ब्रॅकेट नको. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा गोल पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा लखलखीत कर. नुसता रंग उडून चालत नाही, खालचा करडा प्रायमरही निघाला पाहिजे. लग नीट क्रिंप केलेला, बोल्ट, दातेरी वॉशर, खालून नट. कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीनचा हात फिरव, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. अर्थची वायर पॉवरच्या वायरीएवढीच जाड. तुझी पॉवर ८ गेजची आहे, म्हणजे साधारण ८ चौरस मिलिमीटर, आणि अर्थला मात्र फोटोत बारीक काळी वायर दिसते. लोक इथेच वाचवतात. नवी घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा: आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ते तेवढ्याच जाडीत तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच वाहून नेतं.

पुढच्या बाजूलाही एकदा मोज: बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत, आणि निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत. दोन्ही ठिकाणी लोडवर १०० मिलिव्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर इंजिनची अर्थ पट्टी ढिली किंवा गंजलेली. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरं-हिरवं चढलं असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धू. उघडताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

अल्टरनेटरवर संशय घ्यायचाच असेल तर बॅटरीवर एसी व्होल्ट मोजावे लागतात, आणि इथे दोन-अडीचशेचा पिवळा डीटी-८३० कामाचा नाही. त्याची एसीची लहानात लहान रेंज २०० व्होल्टची, आणि हे स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून तीसेक व्होल्ट दाखवून मोकळे होतात. वायरी उलट केल्यावर शून्य आलं तर मीटर तसला आहे असं समज. मिलिव्होल्टमध्ये खरं एसी मोजणारा मीटर कॉलेजच्या लॅबमधून माग. लाइट-ब्लोअर चालू ठेवून ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर गेलं तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डायोड तपासून घे. डायोड गेला की बहुधा इतरही खुणा दिसतात: रात्रभरात बॅटरी उतरणं, चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला राहणं. तुझ्याकडे हे नाही. डीसी मात्र पिवळ्या मीटरवरच पाहून घे, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

त्या फिल्टरचं काय करायचं? काढून ठेव. तो हेडयुनिटच्या पिवळ्या वायरीत बसवलाय आणि फक्त त्या वायरीतून येणारी लहर अडवतो. तुझी येते अर्थमधून, तर तो बापडा काय करणार. तसला १० अँपिअरचा फिल्टर अॅम्पच्या पॉवरला लावायचा कुणी सल्ला दिला तर ऐकू नको, तुझा अॅम्प ३० अँपिअरचा, फिल्टर जळेल. मोठा कपॅसिटरही यावरचा उपाय नाही. आरसीएमध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर शिट्टी खरंच मारतो, कारण आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन अर्थ अलग होतात. पण स्वस्तातला खालचा बेस पातळ करतो, आणि ज्या वूफरसाठी तू एवढा खर्च केलास त्याचाच गळा आवळला जातो. सगळं करून हरलो तरच तो, आणि तोही फक्त दाराच्या स्पीकरच्या चॅनेलला.

शिट्टी गेल्यावर कदाचित ‘सऽऽ’ ऐकू येईल. ती वेगळी गोष्ट, ती इंजिन बंद असतानाही असते आणि गेन जास्त ठेवल्यामुळे येते. आपल्याकडच्या सिमेंट रोडवर टायरचा गोंगाट एवढा, की लोक तो झाकायला गेन पिळत सुटतात. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. स्पीकरच्या वायरी सोडव, इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, हेडयुनिट तीन-चतुर्थांश व्हॉल्यूमवर, आणि शून्य डेसिबलचा टेस्ट टोन (एकाच सुराची चाचणीची फाइल) लाव. दाराच्या चॅनेलला ३०० हर्ट्झ, वूफरला ५० हर्ट्झ. तुझा पिवळा मीटर ४०० हर्ट्झच्या वर नीट मोजत नाही. अॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट वाचत गेन हळूहळू वाढव. आकडा काढायचा तर वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट आणि ४ ओहमला १४.१ व्होल्ट. तिथे थांब आणि नॉबला पुन्हा हात लावू नको.

एवढं उघडलंच आहेस तर डॅशबोर्डखालचे टेप मारलेले जोडही पाहून घे. आपल्या उन्हात काळ्या टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि उघडी तार बॉडीला टेकते. सगळे जोड डाग देऊन किंवा क्रिंप करून हीट श्रिंक चढव. आणि एलईडी हेडलाइट किंवा डॅशकॅममुळे रेडिओ खरखरतो की काय, याचा सोपा माग: हेडयुनिटला मीडियम वेव्ह असेल तर आकाशवाणी नागपूर, ५८५ किलोहर्ट्झ लाव आणि एकेक वस्तू चालू-बंद करत जा. एफएम जी खरखर गिळून टाकतो ती मीडियम वेव्हवर लगेच ऐकू येते. सापडलेल्या वस्तूच्या वायरीला, वस्तूच्या अगदी जवळ, फेराइटचा क्लिप-ऑन मणी लाव, जमल्यास वायरीचे दोन-तीन वेढे घेऊन.

क्रम एवढाच ठेव: आधी अॅम्पचा अर्थ हलव, मग पिवळी कॅमेरा केबल, मग हेडयुनिटच्या कड्याची कंटिन्युटी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन चालू करून ऐक. तीन गोष्टी एकदम केल्यास तर कशाने गेलं ते कळायचं नाही. अर्थचे मिलिव्होल्ट आणि शॉर्टिंग प्लगचा निकाल मला कळव. तेवढ्यावरून पुढचं इथून सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, काका-काकूंना साष्टांग.

तुझा,
विजू

ता. क. अर्थच्या बोल्टसाठी नवं भोक पाडणार असशील तर आधी गाडीखाली वाकून पाहा. हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात. ड्रिलच्या बिटला टोकापासून ५ मिलिमीटर सोडून टेपचे जाड वेढे मार, म्हणजे ते त्याच्या पुढे आत घुसणार नाही.